कोपराचं माप

माझा मामा सुतार. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, पण शहरातल्या निम्म्या बारची काउंटरं त्याच्याच हातची. मामी टोमणा मारायची, "लोकांचे संसार बुडतायत, लाकूड मात्र तुमचं!"

मामाची एक रीत होती. काउंटरमागे जो उभा राहणार त्याला समोर बोलवायचा, हात दुमडायला लावायचा आणि कोपराखाली खूण करायचा. तीच काउंटरची उंची. "दिवसभर उभ्यानं ओतायचंय त्याला, पाठ मोडायला नको," म्हणायचा.

पुढे ते बार एकेक करून गेले. नाक्यावरचा पाडून बँक आली, थेटरामागच्याच्या जागी गाड्या लागतात, गिरणीसमोरच्याचं नावही कुणाला आठवत नाही. मामा ऐकायचा आणि रंधा मारत राहायचा. त्याचा जीव अडकला होता तो पुलाजवळच्या बारमध्ये. तिथं त्याचा मुलगा कामाला होता, आमचा लंबू. ताडमाड उंच. त्याच्या कोपराच्या मापाचं काउंटर एवढं वर गेलं, की गिऱ्हाइकं म्हणायची, "सुतारबुवा, ग्लास घ्यायला शिडी द्या!"

लंबू ऐन उमेदीत तापानं गेला. घरात त्याचा एकच फोटो, तोही बसलेला. त्याची उंची राहिली ती त्या काउंटरमध्ये. मामा अधूनमधून तिथं जाऊन सोडा प्यायचा, लाकडावर हात ठेवून उभा राहायचा.

तोही बार पाडायला काढला, तेव्हा मामानं ठेकेदाराचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "मला फक्त काउंटर दे."

ठेकेदार भला माणूस. टेम्पोतून काउंटर घरी आणून दिलं, वर पॉलिशही केलेलं. "काका, या वयात उभ्यानं कुठं काम करणार? खालून कापून टेबलाएवढं केलंय. आता आरामात बसून करा."

मला त्याचा असा राग आला की विचारू नका, आणि तो काढायला जागाही नव्हती.

"कापलेलं लाकूड कुठाय?" मी विचारलं.

"मजुरांनी चुलीत घातलं."

मामाचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "बरं केलंस बाबा. चहा घेऊन जा."

टेम्पो गेल्यावर मामी बाहेर आली. काउंटरमागे उभी राहिली आणि त्याच्या बरीच वर, हवेत तळहात आडवा धरला.

"एवढं होतं ना हो?"

मामानं तिचं मनगट धरून हात थोडा वर केला. मग थोडा खाली आणला. पुन्हा वर.

"मला आता नक्की सांगता येत नाही गं," तो म्हणाला.