अंगठ्यावरची पूड

आमच्याकडे माणसं कॅप्सूल गिळत नाहीत. फोडतात आणि आतली पूड जखमेवर टाकतात. विळा लागला, टाक पूड. गाडीवरून पडलं, टाक पूड. कोल्हापुरात इस्पितळाच्या लॅबमध्ये जंतूंवर काम करायला लागल्यापासून मी हे बघते आहे. बचत गटांत, दूध संस्थांत बोलून बोलून घसा बसवून घेतला. लोक माना डोलावतात, चहा पाजतात आणि घरी जाऊन कॅप्सूल फोडतात. पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. माझी सख्खी मावशी हुपरीला असते. घरीच बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या चिमट्याने जोडते. तिच्याइतकी बारीक जोडणी गल्लीत कुणाची नाही, हे व्यापारीही मान्य करायचे. तिच्या उजव्या अंगठ्यात तारेचं टोक घुसलं आणि नखुर्डं झालं. त्यात तिला साखरेचा आजार. तिचा फोन आला तेव्हा मी बजावलं होतं, काहीही लावू नकोस, सकाळच्या एसटीने ये, आधी पू तपासायला घेते, मग औषध. ती व्हय व्हय म्हणाली.

आली ती अंगठ्यावर पिवळा थर घेऊन. शेजारणीच्या सुनेच्या बाळंतपणातल्या कॅप्सूल उरल्या होत्या, त्या वाया कशाला घालवायच्या? मी कपाळावर हात मारून घेतला. सर्जनने अंगठा धुऊन पट्टी केली, मी नमुना घेतला. व्हायचं तेच झालं. पुडीने वरवरचे जंतू मेले, खोलवरचे तसेच राहिले आणि लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. रिपोर्टवर तसं लिहून मला सही करावी लागली. जंतू गेलेले नाहीत, पूड बंद करून दोन दिवसांनी पुन्हा ये, असं मी घसा फोडून सांगितलं. मावशीने रिपोर्ट धरला आणि मला सोडलं.

फोन केला की तिचं एकच. "जंतू न्हाईत म्हनून तूच लिवलंयस की. लगीनसराईचा माल हाय, मला येळ न्हाय." गल्लीत पुडीचं नाव झालं. आणखी दोघीतिघींनी ती टाकून बघितली. एवढं सगळं माझ्या सहीवर चाललं होतं, याचा मला जो संताप आला तो सांगून कळायचा नाही.

शेवटी एका रविवारी मीच हुपरीला गेले. अंगठा वांग्यासारखा फुगला होता, सूज मनगटापर्यंत आली होती आणि बाई चिमटा दुसऱ्या दोन बोटांत धरून कामाला बसल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. ओढूनच आणली तिला आणि दाखल केली.

या वेळी प्लेट भरून आली. प्लेटवर आम्ही औषधांच्या बारीक टिकल्या ठेवतो. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल पडतो. मावशीच्या प्लेटवर असा गोल एकाच टिकलीला होता. बाकीच्या टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. मी तरातरा वॉर्डात गेले आणि नर्ससमोरच तिला ऐकवायला लागले. हे औषध चालणार नाही, तेही चालणार नाही, आणि तुझ्या लाडक्या पुडीचं तर नावच काढू नकोस. तिने सगळं ऐकून घेतलं.

"एवढी शिकलीस," ती म्हणाली, "आनि सांगतीस काय, तर कशाकशानं बरं व्हायचं न्हाय ते."

माझं काम खरंच तेवढंच आहे. नवं औषध मी एकही शोधलेलं नाही, जुनी कशी निकामी होत चालली आहेत याच्या नोंदी ठेवते. तिचं बोलणं बरोबर होतं, याचा राग मला पुडीपेक्षाही जास्त आला.

ज्याचा गोल पडला होता ते एकच इंजेक्शन लागू पडलं आणि हात वाचला. अंगठ्याचं हाड मात्र सडलं होतं, वरचं पेर काढावं लागणार होतं. ऑपरेशनला नेताना तिने सर्जनला विचारलं, चिमटा धरता येईल का? सर्जन माझ्याकडे बघायला लागले.

"पहिल्यासारखा न्हाय, मावशी," मी म्हणाले.

तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. रडली नाही. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "गल्लीत कुनाला सांगू नगंस. दारात हात चेपलाय, हुईल बरा म्हनायचं. न्हायतर व्यापारी माल द्यायचं बंद करतील."

म्हणजे पुडीने काय केलं ते हुपरीत कुणालाच कळणार नव्हतं. ज्या गल्लीला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिथेच मी तोंड बंद ठेवायचं होतं. मी हो म्हणाले.