पिशवीतले दोन रोल

ठाण्याला तलावाजवळच्या ज्या स्टुडिओत मी फोटोग्राफी शिकलो, तिथे माझ्यानंतर तीन वर्षांनी एक मुलगा आला. डार्करूममध्ये हात कसा चालवायचा, निगेटिव्ह धुताना पाणी किती गार हवं, रिटचिंगची पेन्सिल कशी तासायची, हे सगळं त्याला मी शिकवलं. तो मला दादा म्हणायचा. पुढे मी कल्याणला माझा स्टुडिओ काढला आणि दोन वर्षांनी त्याने डोंबिवलीला. मी मनात हसलो होतो. तेव्हा डोंबिवलीत स्टेशन सोडलं की भातशेतीच. तिथे फोटो काढून घेणार कोण?

पण नोकरदार माणसं तिथे घरं बांधू लागली, त्यांच्याकडे मुंजी-बारशी होऊ लागली, मुली दाखवायच्या झाल्या. "डोंबिवलीच्या त्या फोटोग्राफरने काढलेला फोटो मुलाकडच्यांनी एका नजरेत पसंत केला," असं माझ्याच दुकानात उभं राहून एक बाई मला सांगून गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग निवडणूक आली. सगळा जिल्हा तापला होता. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेने भिंती भरल्या होत्या. घराघरात बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. आमच्याकडचे एक उमेदवार ठाण्याच्या कोर्टात वकिली करायचे. भित्तिपत्रकासाठी त्यांचा फोटो मी काढला. खुर्चीत बसवून, मागे रंगवलेला पडदा लावून, कपाळावरच्या सगळ्या आठ्या पेन्सिलीने पुसून. वकीलसाहेब फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"हा मी आहे की माझा धाकटा भाऊ?"

"साहेब, लोकांना चेहरा प्रसन्न दिसायला हवा."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि फोटो पाकिटात घालून घेऊन गेले.

आठ दिवसांनी भित्तिपत्रकं लागली. फोटो माझा नव्हता. वकीलसाहेब कुणाच्या तरी ओट्यावर बसलेले, बाह्या वर केलेल्या, समोरच्या माणसाचं ऐकताना मान जरा पुढे झुकलेली. कपाळावर आठ्या तशाच. तो फोटो कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरापासून दुकानापर्यंत तो मला सतरा ठिकाणी भेटायचा. एका सकाळी विरुद्ध बाजूच्या लोकांनी त्यावर आपली पत्रकं चिकटवली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. गंमत म्हणजे मी मत वकीलसाहेबांनाच देणार होतो.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात शीळफाट्यापासून आत, खाडीच्या अंगाला असलेल्या एका मिठागरवाल्यांच्या गावात दुपारची सभा होती. कार्यकर्त्यांनी मला आणि माझ्या त्या डोंबिवलीच्या चेल्याला, दोघांनाही बोलावलं होतं. वकीलसाहेबांची मिरवणूक बैलगाडीतून निघाली. तो गाडीच्या पुढे उलटा चालत, कधी बांधावर चढून फोटो घेत होता. मी एक-एक फोटो जपून काढत होतो. सभेच्या जागी पोचलो, तेव्हा तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला.

"दादा, माझा रोल संपला. एखादा आहे का तुमच्याकडे? उद्या आणून देतो."

माझ्या खांद्याच्या पिशवीत दोन कोरे रोल होते.

"नाही रे," मी म्हटलं. "माझ्याच कॅमेऱ्यात शेवटचा चालू आहे."

"असू दे. तुम्ही आहात ना, मग काळजी नाही."

वकीलसाहेब बोलायला उभे राहिले आणि पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. काळी, काटक, कासोटा घट्ट खोचलेली. हातात पितळी तांब्या. कार्यकर्ते अडवायला धावले, तिने त्यांना कोपराने बाजूला केलं.

"आमचे गावान आयलास ना?" ती वकीलसाहेबांना म्हणाली. "मंग पयलं आमचं पानी पी. मंग बोल."

वकीलसाहेबांनी हसत तांब्या घेतला, एक घोट घेतला आणि त्यांचं हसू गेलं. त्या गावच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, खाडीचं खारेपण उतरलेलं. लोक हसायला लागले. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. मग तांब्या पुन्हा तोंडाला लावला आणि सगळा संपवला. हसणं थांबलं. डोळ्यांत पाणी आलेला तो माणूस आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघणारी ती बाई.

मी त्या वेळी काय करत होतो? मी माझ्या धाकट्या गुरुबंधूकडे बघत होतो. रिकामा कॅमेरा हातात घेऊन त्याचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं होतं. त्याने कॅमेरा खाली सोडला होता आणि तो नुसता बघत होता, देवळात उभा असल्यासारखा. मी मान वळवली, तोवर म्हातारी तांब्या घेऊन जागेवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी एक कार्यकर्ता माझ्या दुकानात आला. "तो पाणी पितानाचा फोटो द्या. आधी डोंबिवलीला गेलो होतो. ते म्हणाले, दादांकडे असणारच, त्यांच्या हातून असं काही सुटत नाही."

"रोलला उजेड लागला," मी म्हटलं. दोन दिवसांतलं दुसरं खोटं.

वकीलसाहेब निवडून आले. गुलाल उधळला, पेढे वाटले, मला कशातच चव लागेना. शेवटी एका रविवारी डोंबिवलीला त्याच्या घरी गेलो. घरातच पुढे स्टुडिओ. त्याच्या बायकोने चहा ठेवला.

"त्या दिवशी माझ्याकडे रोल होते," मी म्हटलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पिशवीतून डब्या दिसत होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तुम्हालाच लागणार असतील."

त्याला खरंच तसं वाटलं होतं, की मला वाचवायला म्हणाला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्याने ते इतक्या सहज म्हटलं, याचाही मला हेवा वाटला. एवढं मोठं मन माझ्याकडे का नव्हतं? शिकवणारा तर मी होतो.

चहा पिताना माझं लक्ष त्याच्या उत्तरेकडच्या खिडकीकडे गेलं. जमिनीपासून छतापर्यंत, दुधी काचेची. समोर बसलेल्या त्याच्या लहान मुलीच्या गालावर तो उजेड असा पडला होता की पडदा नको, दिवा नको, पेन्सिल नको.

पुढच्या महिन्यात मी कल्याणच्या दुकानाची उत्तरेची भिंत फोडली आणि तश्शीच खिडकी बसवली. गिऱ्हाइकं विचारायची, ही कल्पना कुठून सुचली? मी म्हणायचो, सुचली अशीच.