अंजलैची बादली

आवडी नावाच्या गावातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत संयुक्ता गणित शिकवायची आणि आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाचा तासही घ्यायची. तिच्या घरची माणसं मूळची तंजावरकडची. घरात सोवळं-ओवळं कडक. सासूबाई, महालक्ष्मीबाई, राघवेंद्रस्वामींचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. शाळा ख्रिस्ती होती, पण त्याचं घरात कुणाला काही वाटत नसे. शिस्त चांगली, ते राहत त्या क्वार्टर्सपासून चालत जाण्याजोगी, आणि लेक हरिणीही तिथंच सहावीत.

त्या शाळेत अंजलै नावाची बाई संडास धुवायची. सगळे तिला आयम्मा म्हणत. तिची एक रीत होती. पाणी घेऊन व्हरांड्यात शिरताना बादलीची कडी ती खळ्ळकन वाजवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बाजूला व्हावं. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं होतं की तीच समजली होती, देव जाणे. कडी वाजली की शिक्षिका पदर आवळून भिंतीला लागत आणि दुसरीकडे बघत. संयुक्ताही. फळ्यावर ‘कष्टाची प्रतिष्ठा’ असा धडा लिहून बाहेर यावं, कडी वाजावी आणि आपण भिंतीला लागावं, यात तिला कधी काही खुपलं नाही.

जूनमध्ये एका शुक्रवारी अंजलै मागच्या संडासात घसरून पडली. शाळा सुटली, फाटकाला कुलूप लागलं. आयम्मा बाहेर पडली का, हे बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्यानंतर मुली तिकडं जाईनाशा झाल्या. व्हरांड्यात कडी वाजते म्हणायच्या. नवी बाई ठेवली, ती न सांगता निघून गेली. मुख्याध्यापिका सिस्टरांनी शिक्षिकांचा संडास मुलींना उघडून दिला, पण तिकडं जायलाही तोच व्हरांडा. मग मुलींनी सकाळपासून पाणी पिणंच सोडलं. भरलेल्या बाटल्या तशाच घरी जायच्या.

हरिणीला दोनदा ताप येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी संयुक्ताला बाजूला घेतलं. “लघवी अशी दाबून ठेवत राहिली तर मूत्रपिंडावर येईल. तुम्ही टीचर ना? घरात तरी सांगा.”

“जाशील ना गं?” तिनं हरिणीला विचारलं.

“अम्मा, तूच जात नाहीस.”

खरं होतं. त्याच आठवड्यात पेपर तपासून स्टाफरूममधून निघताना तिच्या मागं खळ्ळ झालं होतं. वळून बघण्याआधीच ती भिंतीला चिकटली होती, पदर मुठीत आवळून. व्हरांडा मोकळा होता. उन्हात वाळायला टाकलेलं पायपुसणं तेवढं हलत होतं.

पालकांनी बैठकीत गलका केला. फादरना बोलवा, तीर्थ शिंपडा. मुख्याध्यापिका सिस्टर आरोक्यमेरींनी सगळं ऐकून घेतलं. पालक गेल्यावर शिक्षिकांना म्हणाल्या, “प्रार्थना करूच. पण भिंतीवर आपण लिहिलंय, प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेचा. ते रंगवायला पेंटर आणला होता. पाळायला कुणाला आणायचं? ती जागा उद्यापासून आपण धुवायची. आधी मी, मग तुम्ही. मुलींवर सक्ती नाही.”

दिव्यश्री टीचर तोंडाची फटकळ. “मग पगार कोणता, सिस्टर? टीचरचा की आयम्माचा?”

“आयम्माचा किती होता, माहीत आहे का तुला?” सिस्टर म्हणाल्या.  संयुक्तानंच हात वर केला. “उद्या मी येते.”

घरी महालक्ष्मीबाई भडकल्या. “संडास धुवून माझ्या देवघरात पाऊल घालणार तू?”

“न्हाऊन येईन, आत्याबाई.”

“न्हाऊन जातं होय ते?”

“मग हरिणीचा ताप कशानं जाईल ते तुम्ही सांगा. मी तेच करते.”

 म्हातारी वाती वळता वळता मध्येच थांबली. सकाळी तिनं राघवेंद्रस्वामींच्या मठातून आणलेल्या मंत्राक्षता सुनेच्या पदराला बांधल्या. “सांभाळून जा. ओलं असतं तिथं,” एवढंच म्हणाली.

शाळा भरायच्या आधी सिस्टर आणि संयुक्ता आत गेल्या. सिस्टरांनी झगा गुडघ्यापर्यंत खोचला होता. फिनेलचा वास नाकात चढत होता. अंजलै पडली होती त्या कोपऱ्यातल्या फरशीवर संयुक्ताचा खराटा जाईना. शेवटी डोळे मिटून तिनं तो फिरवला. आणि दाराशी बादलीची कडी वाजली.

तिचे पाय आपसूक भिंतीकडं निघाले. तिनं ते रोखले. आज बघायचंच, म्हणून मान वर केली. दारात कुणी नव्हतं. आणि मग तिच्या अंगावर काटा आला, तो वेगळ्याच गोष्टीनं. अंजलैचा चेहरा तिला आठवेना. इतकी वर्षं रोज समोरून गेलेली बाई, आणि आठवत होती ती फक्त निळी बादली.

“ऐकलंस?” सिस्टरांनी हळूच विचारलं.

“हो.”

“मला रोज ऐकू येतं. चॅपलमध्येसुद्धा.” त्या पुन्हा फरशी घासू लागल्या.

दुपारच्या सुट्टीत संयुक्तानं हरिणीला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. 

“तुला आयम्मा आठवते?” संयुक्तानं विचारलं.

“आठवते की. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या होत्या. हसली की वर जायच्या.” हरिणीनं दाराकडं बघितलं. “तू कुठं जाऊ नको हं.”

“इथंच आहे.”

हरिणी आत गेली. आतून दाराला कडी लागल्याचा आवाज आला. क्षणभर काहीच नाही. मग व्हरांड्याच्या टोकाला बादली खळ्ळकन वाजली, मग आणखी जवळ, मग संयुक्ताच्या अगदी शेजारी.  ती व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली, आणि तिला वाटलं, आता आतून किंकाळी येणार.

आतून हरिणीचा आवाज आला, बारीक, पण नीट, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसा.

“जरा थांबा, आयम्मा. मी आत आहे.”

बादलीचा आवाज थांबला. पावलं पुढंही गेली नाहीत, मागंही फिरली नाहीत. आत पाणी पडत होतं, आणि ते पडायचं थांबेपर्यंत बाहेर दोघी उभ्या होत्या.