उपासाला बसवलेली चाचणी

दसऱ्याला चार दिवस उरले असताना माझगावहून फोन आला. पलीकडे लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्याचे फोरमन होते. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, एरवी आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करून मग कामाचं बोलणारे. त्या दिवशी त्यांनी गुडघे वगळले.

"मॅडम, तुमचो नवो कंपायलर घातल्यापासून लिफ्ट चार बोटां खाली थांबता. जुन्यान असा कधी केल्यान नाय."

"दर वेळी?"

"दर वेळी थांबली असती तर बरा झाला असता. इसातून एकदा."

रोज होणारी चूक पकडता येते. विसातून एकदा होणारी चूक आपण बघायला बसलो की शहाण्यासारखी वागते.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. आम्ही कंपायलर बनवतो. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला समजेल अशा आज्ञांमध्ये उतरवून देणारा हा प्रोग्राम. माणसाने बरोबर लिहिलं आणि कंपायलरने चुकीचं उतरवलं, तर लिहिणारा बिचारा आठवडेच्या आठवडे स्वतःचीच चूक शोधत बसतो. तसं होऊ नये म्हणून नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी ती तपासायची, हे माझं काम. सतरा वर्षं करतेय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा लौकिक होता, आणि तो सगळ्यात जास्त मीच पसरवला होता.

माझगावला माझ्याबरोबर आमची नवी सहकारी आली. नवी म्हणजे वयाने नव्हे. पस्तिशीची, फणसवाडीत राहणारी, मुलीसाठी सहा वर्षं घरी थांबून पुन्हा नोकरीला लागलेली. अजून कायम झाली नव्हती. दसऱ्यानंतर तिचं पत्र निघायचं होतं. नव्या आवृत्तीतला वेग वाढवणारा सगळ्यात मोठा बदल तिनेच केला होता. टॅक्सीत ती एकच वाक्य दोनदा बोलली, "माझ्यामुळे नसलं म्हणजे मिळवली."

मला मनातून वाटत होतं की तिच्यामुळेच असणार.

कारखान्यात तीन मजली लोखंडी सांगाडा होता. त्यात माणसं नेणाऱ्या पाळण्याऐवजी वजनं बांधलेली चौकट खालीवर जायची. फोरमननी ती आम्हाला दाखवायला सुरू केली. बारा फेऱ्या ती अगदी रेषेवर थांबली. तेरावीला वरून खाली येताना रेषा ओलांडून गेली. फोरमननी मधल्या फटीत चार बोटं घातली आणि आमच्याकडे बघितलं.

चार बोटं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हापासून आई एकोणिसाव्या मजल्यावर राहते. लिफ्टमधून बाहेर पडताना ती खाली बघत नाही, समोर बघते, कारण समोर शेजारीण उभी असते. गुडघ्याच्या दुखण्याने तिचं पाऊल इंचभरच उचललं जातं. परतीच्या वाटेवर मला सारखं तेच पाऊल दिसत होतं.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. आमचे मालक गिरगावचे, आणि त्यांचा नियम असा की वर्षाची मोठी आवृत्ती दसऱ्यालाच बाहेर पडायची. सकाळी सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूचा हार, मग नारळ, मग मी बटण दाबायचं, मग पेढे. कुणी हसलं की ते म्हणत, "या आवारात माग होते तेव्हा मागांना हार घालायचे. तुमचं यंत्र काय आभाळातून पडलंय?" त्यामुळे आमच्याकडे सगळी घाई दसऱ्यालाच होते. ग्राहकांनाही मुहूर्त ठाऊक असतो आणि तेही त्याच दिवशी नवी आवृत्ती चढवतात. माझगावसारख्या एखाद्या जुन्या ग्राहकाकडे मात्र ती थोडी आधी, वापरून बघायला जाते.

चूक शोधायची आमची रीत सोपी, पण जीव काढणारी आहे. जुन्या आणि नव्या आवृत्तीत मिळून सहाशेच्या वर बदल झाले होते. निम्मे बदल घालून कंपायलर बनवायचा, माझगावला पाठवायचा, फोरमननी शंभर फेऱ्या मारायच्या. लिफ्ट चुकली तर चूक या निम्म्यात, नाही तर उरलेल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे निम्मे. एका खेपेला दोन अडीच तास. मधल्या वेळात काही करता येत नाही. मी चहा पीत होते आणि सगळ्यांवर डाफरत होते. ती नखं खात बसली होती. "अगं, बोटं ठेव जरा, टाइप कशाने करशील?" असं मी म्हटलं, तर कसनुसं हसली.

सहाशेचे तीनशे, तीनशेचे दीडशे. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बदल उरला. तो तिचाच होता.

मालक आमच्या टेबलाशी आले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. "हा बदल काढून टाका," ते म्हणाले. "वेग गेला तर गेला. परवा मुहूर्त गाठायचाय." मग तिच्याकडे वळून, आवाज न चढवता, "तुमच्या पत्राचं आपण अजून सहा महिन्यांनी बघू."

"माझं चुकलं, सर," ती म्हणाली. "मी सगळ्यांना मेल लिहिते."

आणि ती खरंच मेल लिहायला बसली.

तिचा बदल मी काढला. शंभर फेऱ्या झाल्या, लिफ्ट एकदाही चुकली नाही. मी उठायला हवं होतं. पण खोड जात नाही. मी तिचा बदल पुन्हा वाचला, आणि मला त्यात चूक सापडेना. मनगटाला घड्याळ असताना कुणी दर मिनिटाला शेजाऱ्याला वेळ विचारत नाही. तसंच एकदा वाचलेली किंमत कंपायलरने जवळ ठेवावी, पुन्हा पुन्हा मेमरीत बघायला जाऊ नये, एवढंच तिने केलं होतं. काही गोष्टी मात्र दर वेळी नव्याने वाचाव्याच लागतात. लिफ्ट कुठे आली हे सांगणारा सेन्सर त्यातलाच. अशा गोष्टींवर प्रोग्राममध्ये खूण केलेली असते आणि तिने ती खूण पाळली होती. पण ती खूण आमच्या कंपायलरच्याच एका जुन्या भागात, तिच्या कितीतरी आधीपासून, अधूनमधून गळून पडत होती. जुना कंपायलर त्या वाटेने क्वचित जायचा म्हणून कुणाला कळलं नव्हतं. तिच्या बदलाने ती वाट रोजची झाली, एवढंच.

म्हणजे तिचा बदल काढून दोष जाणार नव्हता, नुसता झाकला जाणार होता. आज लिफ्ट, उद्या आणखी कुठलं तरी यंत्र.

मग प्रश्न उरला की इतक्या वर्षांत आमच्या एकाही चाचणीला हे कसं कळलं नाही. चाचण्या हजारो आहेत. त्यातल्या काही कधी पास होतात, कधी नापास, आणि उगाच डोकं खातात. अशा चाचण्या आम्ही एका यादीत टाकतो. त्या चालतच नाहीत. ऑफिसात त्याला 'उपासाला बसवणं' म्हणतात. यादी दर वर्षी नव्या आवृत्तीत जशीच्या तशी पुढे जाते, आणि उपास सोडायची आठवण कुणाला होत नाही.

यादी उघडली. सतरा ओळी. नवव्या ओळीतली चाचणी नेमकं हेच तपासणारी होती. एकच जागा तीनदा वाचायला सांगायची आणि ती खरोखर तीनदा वाचली का ते बघायचं. पुढे शेरा होता, 'दहातून एकदा नापास होते. चाचणीचा सर्किट बोर्ड खराब असावा. नंतर बघू.' आणि शेऱ्याखाली माझी आद्याक्षरं. चार वर्षांपूर्वीची, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली, ती जास्त वाईट होती. श्रावणात तिने मला विचारलं होतं, "मॅडम, ही नववी टेस्ट बंद का आहे? माझ्या बदलाशी जवळची वाटते. चालवून बघू का?" मी कशात तरी गुंतले होते. मी मेसेजवर उत्तर दिलं होतं, 'ती जुनी भानगड आहे. तिला हात लावू नकोस.'

मी मान वर केली. ती समोरच बसली होती, मेल वाचून बघत होती. अजून पाठवली नव्हती.

मला हे लिहायला लाज वाटते, पण मी खाली चहा प्यायला गेले. ती यादी कोण बघतं? कुणीही नाही. जुना दोष मी दसऱ्यानंतर गुपचूप दुरुस्त केला असता. तिला सहा महिन्यांनी पत्र मिळालंच असतं. सतरा वर्षांत एक चूक, आणि तीही माझीच आहे हे मलाच ठाऊक. टपरीवर उभी राहून मी ही सगळी गणितं केली आणि मला ती पटतही होती.

मग बाबा आठवले. ते गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. तपासलेल्या ताग्यावर त्यांचा नंबर पडायचा. एकदा बाजारातून एक तागा परत आला. चूक विणणाऱ्याची होती, सगळे तेच म्हणत होते. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "नंबर माझो आसा, मगे डोळे कोणाचे?" आणि दुसऱ्या दिवशी साहेबाला तेच सांगून आले. एका दिवसाचा पगार गेला. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते, कारण त्या पगारावर माझी सहल ठरली होती.

अर्धा चहा तसाच ठेवून मी वर आले. "मेल पाठवू नकोस," मी तिला म्हटलं आणि मालकांच्या केबिनमध्ये शिरले. यादी दाखवली, आद्याक्षरं दाखवली, श्रावणातला मेसेजही दाखवला. 

मालकांनी मेसेजची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे मुहूर्त गेला."

"गेला."

"तुम्हाला कळतंय, तुम्ही काय सांगताय?"

"म्हणूनच सांगतेय, सर."

दसऱ्याला पूजा झाली. सर्व्हरला हार घातला. नारळ मात्र फोडला नाही, तो तसाच टेबलावर शेंडीसकट बसून होता. सगळे आपट्याची पानं देऊन निघून गेले. आम्ही दोघी नवव्या चाचणीचा उपास सोडायला बसलो. ती दहाव्या खेपेची वाटही न बघता दुसऱ्याच खेपेला नापास झाली.

"मला माहीत होतं," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "तुमचा मेसेज माझ्याकडेही होता."

"मग दाखवला का नाहीस? तेव्हाच कायम झाली असतीस."

"झाले असते. पण मग रोज तुमच्या शेजारी कशी बसले असते?" ती थांबली. "मेल लिहून झाली होती, पण पाठवत नव्हते. तुमच्या मागच्या काचेत ती यादी उघडलेली दिसली आणि तुम्ही चहाला गेलात ना, तेव्हा तुम्ही वर येऊन काय बोलता त्याची वाट बघत होते. काही बोलला नसतात तर मेलबरोबर राजीनामाही पाठवणार होते."

डोळे भरून आले म्हणून मी उगाचच हारातला एक झेंडू सारखा केला.

ती माझ्याकडे न बघता यादी खाली सरकवत होती. नववी ओळ काढल्यावर सोळा उरल्या होत्या. त्यातल्या अकरांखाली माझी आद्याक्षरं होती.

"पहिल्यापासून घेऊया?" तिने विचारलं, आणि खुर्ची जरा सरकवून मला शेजारी जागा केली.