भिंतीतल्या देवीचा शेवटचा भाग

मी ऑडिओ मालिका लिहिते आणि स्वतःच वाचते. वर्तकनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करून त्यात गोधड्या टांगल्यात, तोच माझा स्टुडिओ. दुपारी कॉलनी झोपली की मी आत शिरते. हल्ली पोटामुळे मावत नाही, म्हणून दार उघडं ठेवून खुर्ची निम्मी बाहेर काढावी लागते. आठवा लागलाय. गेल्या खेपेला सहाव्यातच सगळं संपलं आणि मीही थोडक्यात वाचले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचा सगळा प्रकार म्हणजे माझा नखरा वाटेल.

मालिका एका काल्पनिक नगराची आहे. तिथली माणसं ठरवतात की आपण आता मोठे झालो, देवांची गरज उरली नाही. भांडण नाही, मोडतोड नाही. रीतसर निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ, दोन लांबलेली भाषणं, आणि सगळे देव सेवानिवृत्त. ही कल्पना मला बाबांच्या शाळेतल्या निरोपावरून सुचली. बाबा डोंबिवलीत विज्ञान शिकवायचे. आमच्याकडे देव्हारा नव्हता. गणपतीत मी शेजारच्या आरतीला जायचे ती मोदकांसाठी. लहान मुलाला पांगुळगाडा लागतो तसा माणसाला धर्म लागला, आता चालता येतं तर सोडावा, असं बाबा वर्गातसुद्धा सांगत आणि मग पालकांशी वाद घालत. माझी मालिका म्हणजे त्यांच्या त्या एका वाक्यात घातलेलं पाणी.

एका देवीला मात्र निरोप द्यायचा राहून जातो. तिला देऊळ नाही, मूर्ती नाही. ती घरांच्या भिंतींत राहते आणि घरात कुणी काहीही बोललं तरी तिला एकच शब्द येतो, 'तथास्तु'. यात माझं डोकं काही नाही. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्याकडे प्रत्येकाला लहानपणी दटावून सांगितलेलं असतं. शेवटच्या भागात नायिका घराच्या मधोमध उभी राहते आणि देवीची परीक्षा घ्यायला मुद्दाम म्हणते, "माझं मूल जगणार नाही." काहीच होत नाही. मूल बाहेर खेळत राहतं. नगर खरोखरच मोठं झालेलं असतं.

लिहिलं तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते आणि त्या वाक्यावर मी भलतीच खूश होते. वाचायची वेळ आली तेव्हा तोंडातून फुटेना. पाणी प्यायले, खाकरले, घसा बसला म्हणून भाग पुढे ढकलला. एकेक शब्द वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड करून जोडावा असंही मनात आलं, पण जोडून झाल्यावर ऐकून बघताना ते अख्खं वाक्य याच घरात वाजणार होतं. नवरा म्हणाला, "बाहेर कुठेतरी स्टुडिओ घे ना भाड्याने." तेही नको वाटलं. मग देवी आहे असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

सासूबाई कळव्याच्या, गावातल्या जुन्या घरातल्या. हा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, "वास्तुशांत नाय करायची का गो?" मी हसून नाही म्हटलं. गेल्या खेपेनंतर त्यांनी तो विषय चुकूनही काढला नाही. काढला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग बाबा राहायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते मनापासून हसले. "अगं, आवाज म्हणजे हवेची कंपनं. हवेला काय कळणार आहे तुझं पोट?"

"मग तुम्ही म्हणा," मी म्हटलं. "नायिकेच्या जागी एक म्हातारा घालते."

ते लगेच तयार झाले. चष्मा पुसून खुर्चीत बसले, हेडफोन लावला. मी समोर पलंगाच्या कडेला टेकले. मनातल्या मनात मी एक पळवाट काढली होती आणि तिची लाजही वाटत होती. बाबांच्या तोंडी 'माझं मूल' म्हणजे माझं मूल नाही. माझं बाळ त्या वाक्यातून सुटलं.

"माझं मूल," बाबा वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, आणि वाचताना मध्येच वर बघायची त्यांना सवय आहे, तसं त्यांनी वर बघितलं. समोर मी होते. त्यांचं एकुलतं एक मूल.

आम्हा दोघांनाही ते एकदमच कळलं.

"जगणार," ते म्हणाले आणि थांबले.

एकच शब्द उरला होता. आवाज नको म्हणून पंखा बंद केलेला, बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांचे ओठ त्या शब्दासाठी उघडले आणि मिटले, पुन्हा उघडले. वर्गात पालकांना गप्प करणारा माणूस तो. मला इतकी भीती कपाटात एकटी असतानाही वाटली नव्हती. आजवर मी घाबरत होते ती बाबांच्या भरवशावर, घरात एक माणूस तरी भीत नाही म्हणून.

मी वाट बघितली. रेकॉर्डिंग चालूच होतं. पोटात बाळ हलत नव्हतं, की हललेलं मला कळत नव्हतं, कोण जाणे.

"बाबा, 'नाही' राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"राहू दे गं," ते म्हणाले. मग आणखी हळू, मला म्हणाले की भिंतीला ते मला अजून ठरवता आलेलं नाही, "राहू दे."