गाडी येणार, असं मी लिहिलं

रायपूरच्या एका हिंदी पेपरात मी उभी हयात शहराच्या वाढीच्या बातम्या लिहिल्या. कुठल्या शेतात कॉलनी उठते आहे, कुठल्या चौकात पूल होणार, नव्या राजधानीला, म्हणजे नव्या रायपूरला, बस किती आणि रेल्वे कधी. खून-दरोडे पुरुषांकडे होते, शाळा आणि साड्यांची प्रदर्शनं दुसऱ्या एका मुलीकडे, आणि जमीन माझ्याकडे. राज्य नवं, राजधानी त्याहून नवी, त्यामुळे आम्हाला सगळं 'होणार' म्हणून लिहायची सवय लागली होती. 'झालं' लिहायची पाळी क्वचित यायची, आणि आली तरी तेव्हा जुनं आश्वासन कोणाला आठवायचं नाही. वाचकालाही नाही आणि आम्हाला तर मुळीच नाही.

शनिवारी घर-जमिनीची पुरवणी निघायची. तिच्यातला मजकूर बिल्डरांकडूनच यायचा. मी फक्त त्याची भाषा धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायची. पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'ही जाहिरात आहे' अशा अर्थाची एक ओळ असे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ऑफिसात हे चपराशालाही ठाऊक होतं. घरी मात्र मी ते कधी सांगितलं नाही, कारण घरी त्या पुरवणीनेच माझी अब्रू वाचवली होती.

बाबा रेल्वेत नकाशे काढायच्या ऑफिसात होते. अमरावतीकडून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. मी पेपरात लागले तेव्हा महिनाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. पास नाही, क्वार्टर नाही, पेन्शन नाही, मग ती नोकरी कसली, हा त्यांचा सरळ हिशोब. माझ्या पुलांच्या नाही, कॉलन्यांच्या नाही, कुठल्याच बातम्या ते वाचत नसत. मग एका शनिवारी नव्या रायपूरच्या रेल्वेचा नकाशा छापून आला, खाली माझं नाव, आणि बाबांनी तो पेपर घेऊन सगळा पारा, आमचा मोहल्ला, पालथा घातला. नकाशा म्हणजे त्यांचा प्रांत. पोट्टी शेवटी वळणावर आली, असं त्यांनी शेजारच्या काकांना सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं. मला तेव्हा झालेला आनंद आज आठवला तरी माझाच राग येतो.

कारण तो नकाशा कसा झाला ते मला माहीत होतं. सर्व्हे झाला होता, एवढंच खरं. आमच्या पेज लावणाऱ्या मुलाने कॉम्प्युटरवर रुळाची एक रेघ ओढली आणि स्टेशनाचा लाल ठिपका कुठे देऊ म्हणून मला विचारलं. बिल्डरचा मॅनेजर शेजारीच खुर्ची ओढून बसला होता. तो गोड आवाजात म्हणाला, थोडा इधर खिसका दीजिए दीदी, हमारे प्रोजेक्ट के पास. मी म्हटलं, खिसका दे. शनिवारचं पान, त्याचा काय एवढा विचार करायचा.

बाबांनी त्या ठिपक्यावर पट्टी ठेवली. जन्मभर जमिनीचा नकाशा आणि नकाशाची जमीन करणारा माणूस, त्याला पेपरातला नकाशाही मोजूनच वाचता यायचा. शहरातलं ओळखीचं अंतर घेऊन त्यांनी प्रमाण काढलं, ठिपक्यापासून त्या प्रोजेक्टपर्यंत मोजलं, आणि जेवताना जाहीर केलं की फ्लॅटपासून स्टेशन पायी बारा मिनिटं. दुसऱ्या कोणी असली चूक केली नसती. किराणावाला असता तर आधी जाऊन जागा पाहिली असती. बाबांनी जागा नंतर पाहिली, आणि तिथे नुसतं गवत दिसलं तेव्हा ते खूश झाले, कारण रेल्वेत आधी गवतच असतं.

आमचं घर शहरात, स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. लहान, बैठं, पण स्वतःचं. तिथे सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवरच्या पापडांवर बसायची आणि बाबांना खोकला व्हायचा, हे खरं. पण घर आईच्या नावावर होतं. जागेचे पैसे तिच्या वडिलांनी दिलेले, आणि तिला ते सोडायचं नव्हतं. तिचा सगळा जन्म त्या चार गल्ल्यांत पसरलेला होता. मंगळवारी भजनाला जायचं, संक्रांतीला चाळीस बायका घरी यायच्या, कोणाची सून बाळंत झाली की डिंकाचे लाडू हिच्याच हातचे लागायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हती, त्या बायकांनी तिला इथे रुजवलं होतं. हे विकून त्या प्रोजेक्टमध्ये फ्लॅट घेऊ म्हणून बाबा चार महिने तिच्या मागे लागले होते. ती ऐकत नव्हती.

शेवटी एका रविवारी दलाल कागद घेऊन आला. तो आणि बाबा ओसरीवर चहा पीत बसले, आणि आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातातली कणीक तिने परातीत तशीच सोडली.

"तुझ्या बाबाचं सोड, ते नकाशातच राहतात. तू सांग मले. येईन का व गाडी? माह्या बायकाईले येता-जाता येईन का?"

मला खरं माहीत होतं. निविदासुद्धा निघाली नव्हती. आणि गाडी आलीच तर कुठे थांबेल हे त्या मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. पण ओसरीवर बाबा कान देऊन बसले होते. खूप वर्षांनी ते माझ्या शब्दावर काहीतरी करायला निघाले होते. तो ठिपका मी सरकवला आहे, हे त्यांच्या कानावर पडेल असं बोलायची माझ्यात हिंमत नव्हती.

"हव आई," मी म्हणाले. "दोन वर्षांत येईल."

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर जाऊन सही केली.

नव्या रायपुरात रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारावी तर ती मधल्या झाडांतच विरून जायची. आमच्या इमारतीत मोजून पाच घरांत दिवे लागत. बाकीचे फ्लॅट लोकांनी भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवले होते, आणि तो वाढणार असं त्यांना मीच लिहून सांगितलं होतं. बस दिवसातून थोड्या, त्याही मंत्रालयाच्या बाबू लोकांच्या वेळेच्या. ऑटोवाला परतीचं भाडं धरून पैसे मागायचा. मी स्वतः ऑफिसच्या आणि मुलीच्या शाळेच्या वेळांचं कारण सांगून शहरातच, तेलीबांध्याला भाड्याने राहत होते. तलावाकाठी संध्याकाळी हवा छान असते.

पहिल्या संक्रांतीला आईने नेहमीसारखं सगळं केलं. वाणाला चाळीस गाळण्या आणल्या, तिळाच्या वड्या थापल्या, फोनवर एकेकीला बोलावलं. येतो येतो, सगळ्याच म्हणाल्या. पण संध्याकाळी परतीची बस नव्हती, आणि हळदीकुंकू दिवेलागणीचं असतं. मग आईने तडजोड म्हणून वेळ दुपारी तीनची केली. भर उन्हात हळदीकुंकू, असं ती स्वतःशीच हसत म्हणाली. दोघी आल्या, एकीच्या जावयाच्या गाडीतून. जावई खाली गाडीतच बसून राहिला आणि दर पाच मिनिटांनी फोन करत होता. त्यांनी उभ्याउभ्याच कुंकू लावून घेतलं. त्या गेल्यावर आई जरीची साडी नेसून पाच वाजेपर्यंत हॉलमध्ये बसली, मग उठून गाळण्यांची पिशवी माळ्यावर टाकायला बाबांना दिली. बाबा म्हणाले, गाडी सुरू झाली की बघ, जागा पुरणार नाही. मी वडी खात होते.

ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने भांडावं म्हणून मी मुद्दाम विषय काढायची. ती भाजीचं विचारायची.

दोन वर्षं झाली, चार झाली, मग मोजणं सोडलं. भूमिपूजन झालं, मी लिहिलं. रुळांचं काम अडलं, तेही लिहिलं, आतल्या पानावर, लहान. शहरातलं आमचं घर पाडून तिथे मोबाइलची दुकानं झाली, आणि 'पुराने मोहल्ले की बदलती सूरत' या मथळ्याखाली ती बातमीही माझ्याच वाट्याला आली. बाबा माझं प्रत्येक कात्रण फायलीत लावायचे. आई त्या फायलीवरची धूळ पुसायची. मंगळवारचं भजन आधी महिन्यातून एकदा झालं, मग फोनवर झालं, मग एक दिवस ती म्हणाली की फोनवर ताल जुळत नाही, आणि तेही थांबलं. माझी मुलगी हिंदीत बोलायची, आई मराठीत विचारायची. त्या घरात आईशी मराठीत बोलणारे बाबा तेवढे उरले, आणि ते गाडीबद्दल बोलायचे.

आणि मग गाडी आली. खरंच आली. तोवर मी निवृत्तीला टेकले होते. स्टेशन आमच्या फ्लॅटपासून इतकं लांब की बारा मिनिटांत रिक्षासुद्धा पोहोचत नव्हती, पण गाडी आली. संपादक म्हणाले, पहिल्या दिवशी एखादी म्हातारी बाई गाठा, शहरात जाणारी, डोळ्यांत पाणी वगैरे. मी म्हटलं, माझ्या घरीच आहे.

सकाळीच कार घेऊन गेले. बाबा गुडघ्यांना पट्टे बांधून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आई बाल्कनीत लाखोडीची भाजी निवडत होती. मी म्हटलं, चल, साडी बदल, तुझी गाडी आली. तिने मान वर केली नाही.

मग तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. भजनाची पेटी वाजवणारी पुण्याला मुलाकडे गेली, तिकडेच वारली. जुन्या घरासमोरची आता कोणाला ओळखत नाही. जावयाच्या गाडीतून आलेल्या दोघींपैकी एक उरली आहे, ती नागपूरला असते. आवाजात तक्रार नव्हती.

"तू सांग मले," ती म्हणाली, "तिथं उतरून मी कोणाकडे जाऊ?"

तिने हा प्रश्न मला विचारला, बाबांना नाही. बाबा दारात उभे होते. त्यांनी बूट काढले, नीट जागेवर ठेवले आणि आत जाऊन पडले.

मी एकटी गेले. डब्यात कॉलेजची मुलं होती, व्हिडिओ काढणारे होते, नेत्यांचे कार्यकर्ते होते. म्हातारी एकही नव्हती. संध्याकाळी ऑफिसात बसून मी ती तयार केली. नाव दिलं नाही. सत्तरीच्या एक माताजी, वर्षानुवर्षं वाट पाहत होत्या, शहरातल्या मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडल्या, म्हणाल्या, अब मरने से पहले सबसे मिल लूँगी. सगळ्यांना आवडलं. पहिल्या पानावर घेतलं.

सकाळी आईचा फोन आला. एरवी ती आपण होऊन करत नसे.

"तुझे बाबा वाचून दाखवून राहिले," ती म्हणाली. "ते बाई खरंच भेटली का व तिच्या बायकाईले?"

मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा, तितक्याच सहज.

"बरं झालं," आई म्हणाली. "कोणी तं पोहोचलं."