कोणी नसलं की विझणारा दिवा

रफूवाल्या मावशी रागावल्या की तोंडाने फार बोलत नसत. त्या संध्याकाळी कात्री टेबलावर अशी आपटली, की स्वयंपाकघरातून सून घाबरून डोकावली.

या रागाचं मूळ छताला होतं. विजेचं बिल वाढलं म्हणून मुलाने सगळं घर धारेवर धरलं होतं. गीझरची वेळ ठरली, फ्रिज भिंतीपासून पुढे सरकला, टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा रात्री विझू लागला. मावशींनी कशालाच ना म्हटलं नाही. उलट मनातून त्या खूश होत्या. खोलीबाहेर पडताना बटण बंद कर, हे त्या मुलाला लहानपणापासून सांगत आल्या होत्या आणि ते त्याच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आता शिरलं ते असं, की त्याने बटणच काढून टाकलं. वायरमनने मावशींच्या खोलीत छताला, दिव्याशेजारी एक पांढरी डबी बसवली. तिला तो डोळा म्हणाला. खोलीत कोणी आलं की डोळा दिवा लावतो, कोणी नसलं की विझवतो. मुलगा सारखा आतबाहेर करून दाखवत होता, नव्या सायकलची घंटी वाजवून दाखवावी तसा.

आता रफूचं काम असं, की कापडाच्याच आतल्या शिवणीतून दोरा काढायचा आणि भोकावर उभे-आडवे धागे इतके बेमालूम विणायचे, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. त्यात बोटांची टोकं तेवढी हलतात. बाकी माणूस दगडासारखं बसतं, श्वाससुद्धा बेताने घेतं. डोळ्याला वाटायचं, खोली रिकामी आहे. तो दिवा घालवायचा.

मावशी हात वर करून हलवायच्या. दिवा लागायचा. चष्मा सारखा करून धागा शोधावा, सुई जागेवर आणावी, काम रंगात यावं, की पुन्हा अंधार. मान हलवून पाहिली, पाय हलवून पाहिले. शेवटी मुलाला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "अगं आई, मधूनमधून हात हलवायचा."

"मी काय कुणाला निरोप द्यायला फलाटावर उभी आहे?"

तो आणखी हसला. आईला सवय होईल, म्हणाला, आणि बिल आलं की तीच पाठ थोपटेल.

मग तो कोट आला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने पाठवलेला, कुणाच्या तरी गेलेल्या वडिलांचा. कोपराला कसर लागली होती. भोक भरत आलं होतं, शेवटची फेरी उरली होती. सुई धाग्याखाली शिरली आणि दिवा गेला. दचकून हात ओढला गेला, आणि सुईबरोबर कापडाचा धड धागाही तुटून आला. हात हललेला पाहून दिवा लगेच लागला. त्या लख्ख उजेडात मावशींना दिसलं, की भोक पहिल्याहून मोठं झालंय. त्यांच्या हातून कापड बिघडलं, असं आजवर कुणाला म्हणता आलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकाला गेली. कात्री आपटली ती तेव्हा.

कोट, सुयांची डबी आणि चष्म्याचं घर उचलून त्या तडक खाली गेल्या. शिंपी एरवी तोंडाचा पट्टा न थांबवणारा, पण त्यांचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने दिव्याखालची जागा रिकामी करून दिली. थोड्या वेळाने मात्र त्याला राहवलं नाही. "मावशी, वर लाइट गेलीय का?"

"लाइट आहे. मी नाहीये."

मुलगा कामावरून आला तेव्हा आईची खोली अंधारात होती. बायकोने खुणेनेच खाली बोट दाखवलं. तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला आणि वर चल म्हणाला. मावशींनी मान वर केली नाही.

"खोलीत अंधार होता ना? मग बरोबर आहे. तुझा डोळा खोटं कशाला बोलेल?"

"तसं नाही गं, आई."

"मग कसं? त्या खुर्चीत बसून मी तुला मोठा केला. आता तिथे मी आहे, हे मला हात हलवून सांगावं लागतंय. छताला."

शिंप्याने मशीनवरचं काम उगाचच पुढे ओढलं. मुलगा बाकावर टेकला आणि आईकडे बघत राहिला. आयुष्यभर तो त्या खोलीतून नुसता ये-जा करत आला होता. तिचं काम बसून असं कधी पाहिलंच नव्हतं. खांदे हलत नव्हते, मान हलत नव्हती. एकदा तर, ही श्वास घेतेय ना, म्हणून तो पुढे वाकला.

"उजेड अडवू नकोस," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. डोळा न्हाणीघराच्या बोळात गेला, बटण भिंतीवर परत आलं. कोटाचा मालक काम पाहून खूश झाला. मावशींना मात्र कोपरावर वाढलेल्या भोकाची बारीक रेघ दिसत होती, आणि त्यांच्या लेखी ते बिघडलेलंच काम होतं.

म्हणून राग काही गेला नाही. आजही पाणी प्यायला उठल्या तरी त्या बटण बंद करतात, शेजारच्या खोलीत मुलाला ऐकू जाईल असं. खट्ट. परत येऊन बसल्या की पुन्हा, खट्ट. मुलगा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाही.